सेवा नोंदीतली चूक दुरुस्त कशी करून घ्यावी: माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी

फौजेतून परतल्यावर डिस्चार्ज बुक ट्रंकेत जाते आणि पेन्शन वेळेवर येते आहे तोवर ते बाहेर निघत नाही. चूक कळते ती काम अडल्यावर. स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर आधारचे नाव जुळत नाही म्हणून हयातीचा दाखला अडकतो. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचा अर्ज परत येतो. नाहीतर जवान वारल्यावर त्याच्या पत्नीला सांगण्यात येते की पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तुमचे नाव नाही, दुसरेच काहीतरी आहे. हा शेवटचा प्रसंग सगळ्यात अवघड, कारण ज्याच्या एका सहीवर काम झाले असते तो माणूसच उरलेला नसतो. तेव्हा पुढची सगळी पडताळणी तो हयात असतानाच उरकून घ्या.

इथे मुख्यतः लष्करातून शिपाई ते सुभेदार मेजर या पदांवरून निवृत्त झालेल्यांची पद्धत दिली आहे. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात, हवाई दलाच्या दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसात, आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या दिल्लीत मुख्यालयात. पत्ते वेगळे असले तरी कामाचा क्रम जवळपास सारखाच.

चूक नेमकी कुठे बसली आहे

"नाव चुकले आहे, दुरुस्त करावे" एवढाच अर्ज पाठवणारे बहुतेक जण इथेच फसतात. तुमची माहिती एका जागी नसते. मूळ नोंद असते रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रकात. भरती, बढती, लग्न, मुलांचे जन्म, सगळे तिथे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा अधिकृत आदेश, निघून चढते. निवृत्तीच्या वेळी या नोंदींवरून डिस्चार्ज बुक भरले जाते आणि पेन्शनचे कागद प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाकडे जातात. ते पीपीओ काढतात. जुन्या पेन्शनरांची माहिती पुढे बँकांकडून आणि जुन्या फायलींतून स्पर्श प्रणालीत आणली गेली. म्हणजे एकाच नावाची चार वेळा नक्कल झाली, आणि यातल्या कुठल्याही टप्प्यावर कारकुनाचा हात घसरू शकतो.

एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखा: शीट रोल, डिस्चार्ज बुक, पीपीओ, स्पर्श, आधार. आडव्या ओळींत सेवा क्रमांक त्याच्या शेवटच्या अक्षरासह, स्वतःचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पद, ग्रुप (ट्रेडनुसार ठरणारा पगारगट), पेन्शनपात्र सेवा, पत्नीचे नाव, तिची जन्मतारीख, लग्नाची तारीख आणि प्रत्येक मुलाचे नाव व जन्मतारीख असे लिहा. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवा. "तेच आहे" असे मनाशी म्हणून पुढे जाऊ नका. संगणकाला "तेच" कळत नाही.

शीट रोल तुमच्याकडे नसणारच. त्याची नक्कल रेकॉर्ड ऑफिसकडे साध्या अर्जाने मागता येते. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात मागा: शुल्क १० रुपये, नक्कल दर पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा. "माझ्या पत्नीचे नाव चुकीचे का आहे" याला उत्तर मिळत नाही. "माझ्या शीट रोलमधील कुटुंबाविषयीच्या पानांची आणि लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरची साक्षांकित प्रत द्यावी" याला मिळते. सोबत ओळखपत्राची प्रत जोडा. विधवा अर्ज करत असेल तर मृत्यू दाखला आणि पीपीओ लावावा, म्हणजे तिसऱ्याच माणसाची खासगी माहिती म्हणून अर्ज नाकारला जाणार नाही.

कागद भरला की रस्ता आपोआप दिसतो. शीट रोल आणि पीपीओ बरोबर, फक्त स्पर्शवर घोळ असेल तर काम हलके. पीपीओची प्रत जोडून स्पर्शवरूनच तक्रार नोंदवायची. शीट रोल बरोबर आणि पीपीओ चूक असेल तर नवी पार्ट टू ऑर्डर लागत नाही, रेकॉर्ड ऑफिसने प्रयागराजकडून कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ, मागवायचा. शीट रोलच चूक असेल तर मात्र तळापासून सुरुवात: आधी पार्ट टू ऑर्डर, मग कॉरिजेंडम पीपीओ, मग स्पर्श. खालची नोंद तशीच ठेवून वरची बदलायला गेलात तर अर्ज परत येणार हे ठरलेले.

डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, दुसरी नोकरी केलेल्यांनी एक जास्तीची गोष्ट बघायची. पहिल्या सेवेच्या नोंदी मूळ रेजिमेंटकडे असतात आणि दुसरीच्या कन्नूरच्या डीएससी रेकॉर्डकडे. दोन्हीकडची पेन्शन घेत असाल तर पत्नीचे नाव दोन्हीकडे बरोबर हवे. एका ठिकाणची दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी आपसूक पोहोचत नाही.

कुठला कागद वाकवायचा

लष्करी नोंद आणि आधार यांत फरक निघाला की लोकांना वाटते, लष्करी नोंद बदलली पाहिजे. दर वेळी तसे नसते. फरक तुमच्या स्वतःच्या नावात असेल, म्हणजे भरतीला एक नाव लागले आणि आधारवर आडनावासह दुसरे, तर बहुतेक वेळा आधार आणि पॅन लष्करी नोंदीप्रमाणे करून घेणे सोपे पडते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, बँक खाते हे सगळे जुन्या नावावर असते, ते एकेक करून बदलत बसण्यापेक्षा एक आधार बदललेला बरा. फक्त आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, हे लक्षात ठेवून केंद्रावर जा. तिथल्या मुलाने घाईत चुकीचे स्पेलिंग टाकले तर एक संधी वाया. पावतीवरचे इंग्रजी स्पेलिंग तिथेच उभे राहून वाचा.

पत्नी आणि मुलांच्या बाबतीत उलट. तिथे चूक बहुधा लष्करी नोंदीतच असते आणि बदलायचीही तिथेच.

स्वतःची जन्मतारीख मात्र निवृत्तीनंतर बदलून मिळेल ही आशा सोडा. भरतीच्या वेळी शाळेच्या दाखल्यावरून जी लागली ती पक्की धरली जाते, आणि सेवेच्या शेवटी किंवा नंतर केलेली मागणी न्यायालयेही सहसा ऐकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत सांगितले आहे. अपवाद फक्त नकलेतल्या चुकीचा. शीट रोलमध्ये १९५२ आहे आणि पीपीओत १९५७ पडले, तर ती जन्मतारीख बदलणे नव्हे, ती टंकनाची दुरुस्ती आहे, आणि अर्जात तेच शब्द वापरा. "जन्मतारीख बदलून मिळावी" असे लिहिलेत की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

मराठी नावांचे खास घोळ

आपल्याकडच्या नोंदींत काही चुका इतक्या ठरावीक आहेत की त्या आधीच शोधाव्यात.

पहिली चूक ज्ञ ची. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, यज्ञेश अशी नावे हिंदी भाषक कारकुनाने "ग्य" ऐकून जीवाय ने लिहिली, आणि शाळेच्या दाखल्यावर ती डीएनवाय ने आहेत. दोन्ही स्पेलिंगांचा उच्चार तुमच्यासाठी एक, यंत्रासाठी दोन माणसे. लक्ष्मी, विठ्ठल, शेळके, कुऱ्हाडे या नावांचेही असेच.

दुसरा प्रकार शेपटांचा. गड्याच्या नावाला राव, बाईच्या नावाला बाई. नोंदीत "सुमनबाई", आधारवर "सुमन". उत्तरेकडच्या सवयीने काही ठिकाणी "देवी" सुद्धा लागलेले दिसते, आणि घरात त्या नावाची बाई कोणी नसतेच.

तिसरा प्रकार सगळ्यात मोठा: लग्नानंतरचे नाव. माहेरी नाव शालन, सासरी ठेवलेले लता. शाळेचा दाखला शालन, माहेरचे वडील आणि माहेरचे आडनाव या नावाने. नोंदीत लता आणि नवऱ्याचे नाव. रेकॉर्ड ऑफिसातल्या माणसाला ही दोन वेगवेगळ्या बायकांची कागदपत्रे वाटतात, आणि दुसऱ्या लग्नाचा संशय घेणे हे त्याचे कामच आहे. म्हणून माहेरचे नाव ते सासरचे नाव हा दुवा कागदावर दाखवावाच लागतो. लग्नाची नोंदणी झाली असेल तर ते प्रमाणपत्र पुरे होते. नसेल तर ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे जुन्या लग्नाचीही नोंदणी करून घेता येते, आणि ती करून घेतलेली बरी. सरपंचाच्या दाखल्यापेक्षा तिचे वजन जास्त.

आडनावाचे म्हणाल तर, वडील जाधव आणि मुलगा पाटील लावतो अशी घरे पुष्कळ आहेत. काही जुन्या नोंदींत आडनावच नाही, नुसते "तुकाराम बापू". आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. शेवटच्या दोन गोष्टी किरकोळ धरल्या जातात आणि प्रतिज्ञापत्रावर भागतात. आडनाव बदललेले असेल तर ते नावबदल समजले जाते आणि राजपत्र लागते.

तारखांचे सांगायचे तर १ जूनला जन्मलेल्यांची पिढीच आपल्याकडे आहे, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली तारीख. ती दाखल्यावर आहे तर तीच सगळीकडे धरा. खरी तारीख आईला आठवते म्हणून नवा वाद उभा करू नका. पत्नीच्या बाबतीत जुन्या नोंदींत नुसते वय किंवा साल लिहिलेले असते, किंवा काहीच नसते. ही रिकामी जागा पुढे महाग पडते. कुटुंब निवृत्तिवेतनावर ८० वर्षे पूर्ण झाली की २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला पूर्ण १०० टक्के. हे सगळे नोंदीतल्या जन्मतारखेवर चालते. तारीखच नसेल तर जादा पेन्शन सुरू होत नाही, आणि ८० वर्षांच्या आजींना तेव्हा कागद गोळा करत फिरावे लागते.

कुठल्या दुरुस्तीला काय लागते

पत्नीचे नाव किंवा जन्मतारीख ही सगळ्यात नेहमीची दुरुस्ती. त्यासाठी पेन्शनरचा सहीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोघांचे आधार आणि पॅन, डिस्चार्ज बुकच्या नोंदीच्या पानांची प्रत, पीपीओची प्रत, जन्माचा पुरावा आणि दोघांचा एकत्र फोटो, असा संच लागतो. जन्माचा पुरावा म्हणजे जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. आधार हा ओळखीचा कागद आहे. जन्मतारखेसाठी एकट्या आधारवर विसंबू नका. पत्नी शाळेतच गेली नसेल तर जन्माची विलंबित नोंद करून घ्यावी लागते, आणि जन्माला वर्षाहून जास्त काळ लोटला असेल तर त्याला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. वेळ खाणारे काम आहे, म्हणून ते सर्वांत आधी सुरू करा आणि बाकीचे कागद त्या काळात जमवा.

प्रतिज्ञापत्रावर पुष्कळ अर्ज अडतात. नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र अनेक रेकॉर्ड ऑफिसे परत पाठवतात. त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, यांच्यासमोर केलेले हवे असते. तहसीलच्या सेतू केंद्रातून ते होते. मजकूर मोघम नको. "नोंदीत असलेले 'अमुक' हे नाव आणि माझ्या पत्नीच्या आधार व शाळेच्या दाखल्यावरील 'तमुक' हे नाव एकाच व्यक्तीचे आहे, ती माझी कायदेशीर विवाहित पत्नी असून माझा दुसरा विवाह झालेला नाही, यापुढे सर्व सेवा व पेन्शन नोंदींत 'तमुक' हे नाव धरावे" असा सरळ मजकूर, दोन्ही नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत, सेवा क्रमांक, पद आणि रेजिमेंटसह. चुकीचे नाव नोंदीत जसे चुकले आहे तसेच लिहा. लोक तेही सुधारून लिहितात आणि मग प्रतिज्ञापत्र कशाबद्दल आहे तेच कळत नाही.

जवानाचे स्वतःचे नाव बदलायचे असेल तर या संचात दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती येतात, एक इंग्रजी आणि एक मराठी, आणि मोठा बदल असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी. महाराष्ट्राचे राजपत्र शासकीय मुद्रण संचालनालय काढते, केंद्राचे दिल्लीतला प्रकाशन विभाग. काही रेकॉर्ड ऑफिसे केंद्राच्याच राजपत्राचा आग्रह धरतात, म्हणून पैसे भरण्याआधी आपल्या ऑफिसला विचारून घ्या. जाहिरातीचे कात्रण पाठवू नका, पूर्ण पान पाठवा, तारीख आणि वर्तमानपत्राचे नाव दिसले पाहिजे.

मुलांची नावे चढवायची तर जन्मदाखला पुरतो. "मुले मोठी झाली, आता कशाला" असे म्हणून हे टाळू नका. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला आणि दिव्यांग मुलाला पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क येऊ शकतो, आणि नोंदीत नाव नसेल तर तो हक्क मागताना आई-बाप दोघेही नसतात. दिव्यांग मूल असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह त्याचे नाव पीपीओवर आत्ताच नोंदवून घ्या. निवृत्तीनंतर झालेले लग्न आणि त्यानंतर जन्मलेली मुलेही नोंदवता येतात.

पहिली पत्नी वारली असेल तर तिचा मृत्यू दाखला आणि दुसऱ्या लग्नाचे प्रमाणपत्र लावले की काम होते. वेगळे झालेल्यांचे मात्र अवघड आहे. पंचांसमोर झालेली काडीमोड, शंभराच्या स्टँपवर लिहिलेला कागद, यावर रेकॉर्ड ऑफिस पहिलीचे नाव काढत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा हवा. तो नसताना दुसरीचे नाव चढवण्याचा अर्ज करणे म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध कागद तयार करणे. आधी वकिलाकडे जा.

सेवेच्या तपशिलातली चूक

पद, ग्रुप आणि पेन्शनपात्र सेवा या तीन गोष्टींवर पेन्शनचा आकडा ठरतो. वन रँक वन पेन्शनचे तक्ते याच तीन गोष्टींवर बांधलेले आहेत. तिथे सेवा अर्ध्या वर्षाच्या टप्प्याने मोजतात, आणि शेवटचे ३ महिने किंवा त्याहून जास्त भरले तर अर्धे वर्ष धरले जाते. म्हणजे १७ वर्षे ३ महिने सेवा असेल तर तक्त्यात साडेसतरा, आणि १७ वर्षे २ महिने २५ दिवस असेल तर नुसती १७. पाच दिवसांचा फरक, पण तो जन्मभर दर महिन्याला पडतो. भरती आणि डिस्चार्ज यांच्या तारखा धरून स्वतः हिशोब करा. आकडा कमी आला तर लगेच चूक समजू नका; गैरहजेरी किंवा शिक्षेचे दिवस अपात्र सेवा म्हणून वजा होतात. रेकॉर्ड ऑफिसकडे अपात्र सेवेचा तपशील तारखांसह मागा, आणि त्यातला एखादा काळ तुम्ही दवाखान्यात किंवा मंजूर रजेवर होतात असे निघाले तर तेवढ्याच मुद्द्यावर अर्ज करा.

पदाबद्दलही असेच. डिस्चार्ज बुकमध्ये हवालदार आणि पीपीओत पेन्शनसाठी नाईक, हे पाहून पुष्कळ जण चिडतात. २००६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना शेवटच्या पदावर किमान १० महिने काढलेले असावे लागत. ते भरले नसतील तर खालचे पद धरले गेले, ती टंकनाची चूक नव्हे. मूळ बढतीची पार्ट टू ऑर्डर मिळवा, तारीख मोजा, मग ठरवा.

अपंगत्व सेवेमुळे आले की नाही, हा निर्णय वैद्यकीय मंडळाचा असतो. तो नोंद दुरुस्तीच्या अर्जाने बदलत नाही. त्यासाठी नकार मिळाल्यापासून ६ महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे अपील असा वेगळा रस्ता आहे. दोन्ही मागण्या एका अर्जात घातल्या की दोन्ही अडकतात.

अर्ज लिहिणे आणि पाठवणे

शेवटी ज्या रेजिमेंट किंवा कोअरमधून डिस्चार्ज झाला तिथल्याच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, आर्मर्ड कोअरचे अहिल्यानगरला, गार्ड्सचे कामठीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला.

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. टेबलावरचा माणूस कुठल्या राज्याचा असेल सांगता येत नाही. शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचे कागद मराठीत असतील तर त्यांचे इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर साक्षांकित करून जोडा. मराठीतला दाखला वाचता न आल्याने परत आलेले अर्ज कमी नाहीत. पहिल्याच ओळीत सेवा क्रमांक, पद, नाव. त्याखाली तीन ओळींचा तक्ता: नोंदीत काय आहे, काय असायला हवे, कशाच्या आधारावर. मग जोडलेल्या कागदांची क्रमांकासह यादी, चालू मोबाइल नंबर आणि पिनकोडसह पत्ता. फौजेत किती वर्षे आणि कुठल्या लढाईत काढली हे लिहायचा मोह होतो, पण त्याने पान भरते, काम पुढे जात नाही. एका अर्जात एकाच माणसाची दुरुस्ती ठेवा.

अर्ज थेट न पाठवता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला तर फायदा होतो. तिथे कागद तपासले जातात, जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी होते, आणि अनेक रेकॉर्ड ऑफिसांना पत्नीच्या नोंदीसाठी ती लागतेच. अशा दुरुस्तीला सरकारी फी नाही. प्रतिज्ञापत्र, जाहिरात, राजपत्र आणि टपाल एवढाच खर्च. "बेळगावला आपला माणूस आहे" म्हणून हजारो मागणारे एजंट करतात काय, तर हेच कागद हाच पत्ता लिहून पाठवतात.

मूळ डिस्चार्ज बुक स्वतःहून पाठवू नका. मागितले तरच, आणि सगळ्या पानांची रंगीत प्रत घरी ठेवून, स्पीड पोस्टने. टपालाची पावती आणि पोहोच अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. पुढे न्यायाधिकरणापर्यंत जायची वेळ आली तर तारखेचा पुरावा तीच.

पाठपुरावा

रेकॉर्ड ऑफिसकडून पहिले पत्र बहुधा त्रुटीचे येते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, फाइल उघडली गेली एवढाच त्याचा अर्थ. त्रुटी पुरी करताना नवा अर्ज करू नका, त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख वर लिहून उत्तर द्या. नवा अर्ज केला की नवी फाइल उघडते आणि जुनी तशीच पडते.

पार्ट टू ऑर्डर निघाली की तिची प्रत मागून घ्या. इथे पुष्कळ जण थांबतात, कारण पत्रात "नोंद दुरुस्त केली आहे" असे लिहिलेले असते. ती शीट रोलची दुरुस्ती. पीपीओ अजून जुनाच आहे. कॉरिजेंडम पीपीओचा प्रस्ताव प्रयागराजला कधी गेला, त्याचा क्रमांक काय, हे लेखी विचारा. स्पर्शवर मोबाइल, पत्ता, पॅन असल्या गोष्टी स्वतः भरता येतात, पण नाव, जन्मतारीख आणि पत्नीचा तपशील रेकॉर्ड ऑफिसच्या मान्यतेशिवाय हलत नाही. त्यामुळे स्पर्शवर दर आठवड्याला तीच तक्रार टाकण्यात अर्थ नसतो. पार्ट टू ऑर्डरची प्रत जोडून एकदा नोंदवा आणि तिचा क्रमांक जपा. ज्यांना पोर्टल जमत नाही त्यांच्यासाठी सामायिक सेवा केंद्रे आणि स्पर्श सेवा केंद्रे आहेत. ओटीपी आणि पासवर्ड मात्र कोणाच्याही हाती देऊ नका.

उत्तरच येत नसेल तर पायऱ्या अशा. आधी रेकॉर्ड ऑफिसला जुन्या पत्राचा हवाला देऊन स्मरणपत्र. मग केंद्राच्या तक्रार पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभागाकडे तक्रार. मग माहिती अधिकारात "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत". या तिसऱ्या अर्जाने फाइल हलते असा सर्वसाधारण अनुभव आहे. माहिती अधिकाराचे उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

शेवटचा दरवाजा सशस्त्र बल न्यायाधिकरणाचा, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे आधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते. अंतिम नकार मिळाला तर त्यापासून ६ महिन्यांत अर्ज करायचा. उत्तरच आले नाही तर निवेदनानंतर ६ महिने वाट पाहून त्यापुढच्या ६ महिन्यांत. उशीर माफ होऊ शकतो, विशेषतः पेन्शनसारख्या दर महिन्याला चालू राहणाऱ्या नुकसानीत, पण मागची थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. २० वर्षे गप्प बसून आलेल्याला १७ वर्षांवर पाणी सोडावे लागते.

पेन्शन न घेता लवकर घरी आलेल्यांनी आणखी घाई करावी. त्यांचे सेवा कागद ठरलेल्या मुदतीनंतर, सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी, नष्ट केले जातात आणि मग फक्त लाँग रोलमधली, म्हणजे नावांच्या कायमच्या यादीतली, जुजबी नोंद उरते. त्या नोंदीवरून कुटुंबाचा तपशील सिद्ध करता येत नाही.

विधवा अर्ज करत असेल तर

पतीचा मृत्यू दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि वरचाच संच, पण प्रतिज्ञापत्र तिच्या नावाने. फरक मोठा असेल, म्हणजे नावच वेगळे, तर रेकॉर्ड ऑफिस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून किंवा महसूल खात्याकडून चौकशी अहवाल मागवते. तेव्हा गावातले दोन माहीतगार साक्षीदार, रेशनकार्ड, जुनी मतदार यादी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचे आईचे नाव, पतीने पाठवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या, जुने कँटीन किंवा आश्रितांचे कार्ड, जे असेल ते काढा. पतीच्या हयातीत तयार झालेल्या कागदाला मृत्यूनंतर केलेल्या दहा कागदांपेक्षा जास्त किंमत असते. वारस प्रमाणपत्र आणायला लगेच धावू नका. पेन्शनसाठी नोंदीतली पत्नी हीच बाई, एवढेच सिद्ध करायचे असते, आणि न्यायालयाचा कागद मागितला तरच तो काढावा.

कॉरिजेंडम पीपीओ हाती आला की तो पुन्हा त्याच पाच रकान्यांच्या कागदाशी ताडून पाहा. दुरुस्तीत नवी चूक शिरणे नवलाचे नाही, आणि ती आठवड्याभरात कळवली तर त्याच फाइलवर निस्तरते. मग स्पर्शचे प्रोफाइल उघडून तिथे बदल दिसतो का ते बघा, ईसीएचएस कार्ड आणि आश्रितांच्या ओळखपत्रासाठी नवी प्रत द्या, बँकेतले संयुक्त खाते त्याच स्पेलिंगने करून घ्या. पीपीओ, पार्ट टू ऑर्डर आणि प्रतिज्ञापत्राची एक प्रत पत्नीच्या हाती द्या आणि ती कुठे ठेवली आहे ते एका मुलालाही सांगून ठेवा.